दोन जीबीची हद्द

१९९२ साली सीगेटनं ‘बॅराकुडा’ ही हार्ड डिस्क बाजारात आणली. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी पहिली डिस्क म्हणून ती ओळखली जाते, पण मला तिचा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. तिची क्षमता २.१ जीबी होती, आणि त्या वेळच्या बहुतेक ३२-बिट युनिक्स यंत्रणांवर एका फाइलची कमाल लांबीही तेवढीच होती: २,१४,७४,८३,६४७ बाइट. डिस्क विकणाऱ्यांच्या दशमान हिशेबात हे २.१ जीबी, संगणकाच्या दोनाच्या पटीतल्या हिशेबात २ जीबीला एक बाइट कमी. तोवर ही मर्यादा बहुतेकांना ठाऊकच नव्हती, कारण आख्खी डिस्क एकाच फाइलनं भरली तरी तिथवर पोचायची सोय नव्हती. आता एका डिस्कवर ती गाठता येऊ लागली, आणि चार डिस्क एकत्र जोडल्या तर सहज ओलांडता येईल अशी झाली. पुढची दहा-पंधरा वर्षं जगभरातल्या सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरांनी या एका आकड्याशी झुंज घेतली.

ही झुंज कशी दिसायची ते आधी सांगतो. रात्रीची वेळ, डेटाबेसची निर्यात चालू आहे, किंवा एका डिस्कवरून दुसरीवर ‘सीपी’ या कमांडनं मोठी फाइल कॉपी होते आहे. सकाळी येऊन बघावं तर काम थांबलेलं, पडद्यावर एकच ओळ: ‘फाइल टू लार्ज’. जागा संपली असेल म्हणून ‘डीएफ’ चालवावं, तर डिस्क निम्मी रिकामी. परवानग्या तपासाव्यात, तर त्या ठीक. कॉपी पुन्हा सुरू करावी, तर काही तासांनी पुन्हा तीच ओळ. मग कधीतरी ‘एलएस’च्या यादीत अर्धवट फाइलच्या लांबीकडे लक्ष जायचं: २१४७४८३६४७. दोन्ही वेळा तीच, शेवटच्या सातापर्यंत तीच. डिस्क भरून किंवा केबल सुटून थांबलेली कॉपी कुठल्याही वेड्यावाकड्या आकड्यावर थांबते. इतक्या नेमक्या ठिकाणी थांबली, याचा अर्थ कुणीतरी मोजून थांबवली. आणि ज्यांनी तो आकडा ठरवला, त्यांनी तो कितीतरी वर्षांपूर्वी ठरवला होता.

न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्सची सुरुवात केली. लवकरच ते पीडीपी-११ या यंत्रावर गेलं. हे यंत्र १६ बिटांचं, म्हणजे एका दमात ते ६५,५३५ पर्यंतच मोजू शके. जुलै १९७४ मध्ये दोघांनी ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात आपल्या यंत्रणेचं जे वर्णन छापलं, त्यात त्यांच्या यंत्राचा सगळा जामानिमा दिलेला आहे: १४४ केबी मेमरी, १ एमबीची एक स्थिर डिस्क, प्रत्येकी अडीच एमबीच्या काढता-घालता येणाऱ्या डिस्कसाठी चार खण, आणि ४० एमबीच्या पॅकसाठी एक. त्याच लेखात फाइलच्या कमाल लांबीचाही हिशेब आहे. प्रत्येक फाइलच्या नोंदीत, म्हणजे आयनोडमध्ये, आठ पत्ते मावत. लहान फाइलचे ते आठ पत्ते थेट तिच्या ठोकळ्यांचे. मोठ्या फाइलचे आठ पत्ते आणखी आठ ठोकळ्यांचे, आणि त्या प्रत्येकात २५६ पत्ते. ठोकळा ५१२ बाइटांचा. आठ गुणिले २५६ गुणिले ५१२ म्हणजे १०,४८,५७६ बाइट, बरोबर १ एमबी. एक फाइल त्यांच्या स्थिर डिस्कएवढी होऊ शके. हात आखडता घेऊन केलेली ही रचना नव्हती; स्थिर डिस्क होती तेवढी सगळी एका फाइलला देऊ करणारी होती.

पण फाइलमध्ये नेमक्या जागी जायचं कसं? पासष्ट हजारांच्या पलीकडची जागा १६ बिटांत सांगता येत नाही. त्यासाठी ‘सीक’ या सिस्टिम कॉलला एक जोड दिली होती: तिसरा आकडा ३, ४ किंवा ५ असेल तर दिलेलं अंतर ५१२ नं गुणायचं. आधी ठोकळ्यापर्यंत उडी, मग ठोकळ्याच्या आत दुसरी उडी. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत फाइलची लांबी २४ बिटांत लिहिली जाई, म्हणजे १६ एमबीपर्यंत. तीही दोन तुकड्यांत, ८ बिट एका खणात आणि १६ दुसऱ्यात.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत हे सगळं झाडून नीट केलं गेलं. सी भाषेत तोवर ३२ बिटांची पूर्णांक संख्या आली होती, आणि नव्या ‘एलसीक’ला अंतर त्या संख्येत द्यायचं ठरलं. दोन उड्या संपल्या. आयनोडमध्ये तेरा पत्ते आले: दहा थेट, एक एकपदरी, एक दुपदरी, एक तिपदरी. त्यातून एका फाइलची लांबी १,०८,२२,०१,०८८ बाइटांपर्यंत जाऊ शके, १ जीबीच्या जरा वर. म्हणजे नवी ‘एलसीक’ जिथवर पोचत होती, त्याच्या निम्म्यावरच डिस्कवरची रचना संपत होती. अडीच एमबीच्या डिस्क हातानं बदलणाऱ्या माणसांनी हजारपट पुढचं धरून चाललेलं दिसतं.

आता ३२ बिटांत ४ जीबीपर्यंत मोजता येतं, मग मर्यादा २ जीबीवर का आली? कारण ही संख्या चिन्हासकट घेतली होती. ‘इथून शंभर बाइट मागे जा’ किंवा ‘फाइलच्या शेवटापासून पन्नास मागे’ असं सांगायचं तर उणे अंतर लागतं. शिवाय कॉल फसला तर तो उणे एक परत करतो, ही युनिक्सची रीतच. तेव्हा एक बिट चिन्हाला गेला, ३१ उरले, आणि दोनाचा एकतिसावा घात वजा एक म्हणजे आपला तो आकडा. या निर्णयाला आळस किंवा दूरदृष्टीचा अभाव म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. १९७९ मध्ये चिन्ह काढून टाकलं असतं, तर एक साधी, सगळ्यांना कळणारी रीत मोडली असती, आणि त्या बदल्यात हद्द फक्त दुप्पट झाली असती. डिस्कच्या वाढीच्या वेगानं ती दोनेक वर्षांचीच उसंत ठरली असती.

ऐंशीचं दशक या बाबतीत शांत गेलं, पण याच काळात ही मर्यादा घट्ट बसली. युनिक्स बर्कली विद्यापीठात आणि व्हॅक्स यंत्रांवर आधीच गेलं होतं, मग ते सन, एचपी, आयबीएम, डिजिटल, सिलिकॉन ग्राफिक्स अशा डझनभर कंपन्यांच्या यंत्रांवर गेलं. बर्कलीच्या १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये नवी वेगवान फाइल सिस्टिम आली. तिच्या आयनोडमध्ये लांबीसाठी ६४ बिटांची जागा राखलेली होती, मात्र कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, त्यातला अर्धाच भाग वापरत होतं. डिस्कवर जागा सोडणं सोपं होतं. अवघड होतं ते कर्नल आणि प्रोग्राम यांच्यामधल्या देवघेवीत जागा करणं. एकदा कंपाइल झालेला प्रोग्राम म्हणजे रकाने छापून बांधलेली चोपडी: लांबीचा रकाना चार बाइटांचा छापला, की पुढे रक्कम मोठी झाली तरी चोपडीला ते कळत नाही. अशा चोपड्या एव्हाना लाखोंनी विकल्या गेल्या होत्या, आणि त्यातल्या कितीतरींचा सोर्स कोड ग्राहकाकडे नव्हता. नेटवर्कवरही तेच झालं. नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावरच्या फाइला वापरू देणाऱ्या एनएफएसच्या, मार्च १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या तपशिलात फाइलमधली जागा ३२ बिटांतच सांगायची होती. तिसरी आवृत्ती जून १९९५ मध्ये आली, तेव्हा तिथे ६४ बिट झाले.

नव्वदीच्या सुरुवातीला काहींनी थेट उडी मारली. १९९३ मध्ये डिजिटलनं अल्फा प्रोसेसरवरचं आपलं युनिक्स पहिल्यापासून ६४ बिटांचंच केलं. तिथे हा प्रश्न उद्भवलाच नाही. त्याच वर्षीच्या ४.४ बीएसडीमध्ये बर्कलीच्या मंडळींनी फाइलमधल्या अंतराचा प्रकारच ६४ बिटांचा करून टाकला. जो जुना प्रोग्राम हेडर न घेता ‘एलसीक’ला साधा शून्य देत होता, तो पुन्हा कंपाइल केल्यावर बिघडायचा, कारण चार बाइटांच्या जागी आठ अपेक्षित होते. बर्कलीला हे परवडलं, कारण त्यांच्या वापरणाऱ्यांकडे बहुधा सोर्स कोड असे. सिलिकॉन ग्राफिक्सनं १९९४ मध्ये एक्सएफएस ही प्रचंड फाइलांसाठी घडवलेली फाइल सिस्टिम आणली. त्यांचे ग्राहक चित्रपट आणि दृश्य-संगणनातले होते आणि त्यांना थांबायला वेळ नव्हता. डिजिटल व्हिडिओच्या डीव्ही या प्रकारात सेकंदाला सुमारे ३.६ एमबी साठतात. या वेगानं दहा मिनिटंही पुरी व्हायच्या आत फाइल हद्दीला टेकते.

बँका, टेलिफोन कंपन्या, तेल शोधणाऱ्या कंपन्या यांची अडचण वेगळी होती. त्यांच्याकडे ३२-बिट यंत्रं होती, त्यांवर वर्षानुवर्षं चाललेले प्रोग्राम होते, आणि डेटा वाढतच होता. ओरॅकल चालवणारे डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर २,००० एमबीच्या डेटाफाइलांची रांग लावत. निर्यातीचं काम तर कसरतीचंच होतं: नेम्ड पाइप बनवायचा, निर्यातीला त्यात लिहायला सांगायचं, दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेस बसवायचा, आणि त्याच्याही पुढे ‘स्प्लिट’ लावून तुकडे पाडायचे. पाइपला लांबी नसते, म्हणून तिथे हद्दही नसते. ओरॅकलच्या ८आय आवृत्तीत निर्यात करतानाच फाइलचा कमाल आकार सांगायची सोय झाली, तोवर असंख्य ठिकाणी असेच पाइप रात्रभर वाहत होते.

दरम्यान प्रत्येक कंपनी आपापला तोडगा काढायच्या तयारीत होती. तसं झालं असतं तर प्रत्येक युनिक्सवर मोठी फाइल उघडायची वेगळी पद्धत आली असती, आणि तेव्हाच विंडोज एनटीशी स्पर्धा सुरू झालेल्या युनिक्सला ते महाग पडलं असतं. म्हणून या कंपन्यांचे अभियंते एकत्र बसले. त्या खटपटीला ‘लार्ज फाइल समिट’ असं नाव मिळालं. त्यांचा मसुदा २० मार्च १९९६ रोजी पक्का झाला आणि एक्स/ओपन या मानक संस्थेकडे गेला. १९९७ च्या सिंगल युनिक्स स्पेसिफिकेशनच्या दुसऱ्या आवृत्तीत तो सामावला गेला.

या मसुद्याबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्याचं कारण ६४ बिट नव्हे. आकडा मोठा करणं कुणालाही सुचलं असतं. या लोकांनी आधी दुसराच प्रश्न धरला: ज्या जुन्या प्रोग्रामला मोठी फाइल कळतच नाही, त्याच्यासमोर ती आली तर काय व्हावं?

उदाहरण घ्या. डिस्कवर ५ जीबीची फाइल आहे, ५,३६,८७,०९,१२० बाइटांची. जुना बॅकअप प्रोग्राम कर्नलला विचारतो, हिची लांबी किती? त्याच्याकडे चार बाइटांचाच रकाना आहे. कर्नलनं खालचे ३२ बिट मुकाट्यानं त्यात भरले, तर उत्तर येतं १,०७,३७,४१,८२४, बरोबर १ जीबी. प्रोग्रामला शंका यायचं कारणच नाही. तो १ जीबी वाचतो, टेपवर लिहितो, ‘काम पूर्ण’ म्हणून सांगतो. चार जीबी गेले, आणि ते गेल्याचं कळणार कधी, तर मूळ डिस्क बिघडून टेप लावायची वेळ येईल तेव्हा. लिहिण्यात तर याहून वाईट होऊ शकतं: हद्दीपुढची जागा गुंडाळली जाऊन फाइलच्या सुरुवातीवरच नवा मजकूर लिहिला जाऊ शकतो.

म्हणून मसुद्यानं नियम घातला की चुकीचं उत्तर कधीही द्यायचं नाही. जुन्या प्रोग्रामनं लांबी विचारली आणि ती त्याच्या रकान्यात मावत नसेल, तर कॉल फसवायचा आणि ‘ईओव्हरफ्लो’ ही चूक द्यायची. ती पडद्यावर ‘व्हॅल्यू टू लार्ज फॉर डिफाइन्ड डेटा टाइप’ अशी उमटते. जुन्या प्रोग्रामनं मोठी फाइल उघडायला घेतली, तर उघडूच द्यायची नाही. लिहिता लिहिता हद्दीला पोचला, तर मावतील तेवढे बाइट लिहू द्यायचे, पुढच्या लिहिण्याला ‘ईएफबिग’, म्हणजे तीच ‘फाइल टू लार्ज’ची ओळ. अर्धवट फाइल नेमकी २१४७४८३६४७ वर का थांबते, त्याचं उत्तर इथे आहे. ज्या ओळीवर लोक रात्री-अपरात्री वैतागले, ती ओळ त्यांचा डेटा वाचवत होती.

ज्यांना मोठ्या फाइला हव्यात त्यांच्यासाठी दोन वाटा ठेवल्या. एक, सगळ्या कॉलची ‘६४’ शेपटी लावलेली नवी भावंडं: ओपन६४, एलसीक६४, स्टॅट६४. दुसरी वाट जास्त कामाची ठरली: कंपाइल करताना ‘फाइल ऑफसेट बिट्स बरोबर ६४’ एवढं सांगायचं, की तोच जुना सोर्स कोड नव्या रुंदीनं बांधला जातो. ‘एफसीक’ची मात्र पंचाईत होती. तिचा प्रकार १९८९ च्या सी भाषेच्या मानकानं ठरवून टाकला होता आणि युनिक्सवाल्यांना त्याला हात लावता येत नव्हता. म्हणून ‘एफसीको’ आणि ‘एफटेलो’ असे दोन नवे कॉल जन्माला आले.

या रचनेतला एक बारकावा पुढे पुष्कळांना छळणार होता. फाइल कुठवर जाऊ शकते, ही कमाल मर्यादा मसुद्यानं प्रोग्रामला नव्हे, तर उघडलेल्या फाइलच्या नोंदीला चिकटवली. फाइल ज्यानं उघडली त्याची हद्द तिला लागते, मग पुढे ती कुणीही वापरो. आता जीझिपसारख्या कमांडच्या शेवटी ‘मोठे’चं चिन्ह देऊन आउटपुट फाइलमध्ये वळवलं, तर ती फाइल उघडतो कोण? शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, उघडतो. शेल जुन्या पद्धतीनं कंपाइल झालेला असेल, तर जीझिप कितीही नवा असला तरी लिहिणं २ जीबीवर अडतं. प्रोग्राम तपासला, फाइल सिस्टिम तपासली, सगळं नवं आहे, तरी अडतंय, अशी तक्रार आली की अनुभवी माणूस आधी शेलची आवृत्ती विचारी. तोच प्रोग्राम स्वतः फाइलचं नाव घेऊन लिहू लागला, की अडचण नाहीशी.

कंपन्यांनी १९९६-९७ मध्ये हे उचललं, पण प्रत्येकानं आपापल्या सावधगिरीनं. एचपी-यूएक्स १०.२० मध्ये १२८ जीबीच्या फाइला आल्या, आणि चालू फाइल सिस्टिमवर ‘एफएसॲडम’नं मोठ्या फाइलांची परवानगी देता येई. आयबीएमच्या एआयएक्स ४.२ मध्ये ६४ जीबीपर्यंत जाता येई, पण त्यासाठी फाइल सिस्टिम बनवतानाच तशी बनवावी लागे. जुनी बदलता येत नसे. नवी बनवा, सगळं तिकडे हलवा. सोलारिस २.६ नं आपल्या कमांडांची दोन गटांत विभागणी करून ती मॅन्युअलमध्ये छापली: मोठ्या फाइला हाताळता येणाऱ्या, आणि हाताळता येत नसल्या तरी डेटाला धक्का न लावणाऱ्या. दुसऱ्या गटाला अधिकृत जागा देणं हे मसुद्यामागच्या विचाराला धरूनच होतं.

आणि तरीही कॉपी अडतच राहिली, कारण फाइल एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाताना अनेक हातांतून जाते आणि त्यातला एक जरी जुना असला तरी पुरतं. इथे अडलेल्या आकड्यानं फार मदत केली. एआयएक्सवर कॉपी १,०७,३७,४१,३१२ वर थांबली, म्हणजे १ जीबीला ५१२ बाइट कमी असताना, की समजावं फाइल सिस्टिमचा दोष नाही. ती वापरकर्त्याची ‘यूलिमिट’ आहे: एआयएक्सच्या मर्यादांच्या फाइलमध्ये फाइलच्या आकाराचं मूळ मूल्य २०,९७,१५१ ठोकळे, ठोकळा ५१२ बाइटांचा. मूल्य बदलून भागत नसे, पुन्हा लॉगिन करावं लागे, आणि आधीपासून चालू असलेली बॅकअपची सेवा जुनीच मर्यादा घेऊन चालत राही, कारण प्रत्येक प्रोसेस आपल्या जन्मदात्याकडून मर्यादा घेते. थांबा २ जीबीवर असेल तर प्रोग्राम, शेल, फाइल सिस्टिम किंवा एनएफएसची दुसरी आवृत्ती, यांतलं कुणीतरी. ‘गेटकॉन्फ’ला डिरेक्टरीचं नाव देऊन ‘फाइलसाइझबिट्स’ विचारलं की फाइल सिस्टिमचं उत्तर लगेच मिळे, आणि संशयितांतला एक कमी होई. ४,२९,४९,६७,२९५ वर अडली तर पलीकडे बहुधा फॅट३२ ची डिस्क. ८,५८,९९,३४,५९१ दिसलं तर ‘टार’. टारच्या जुन्या मांडणीत लांबी अष्टमान पद्धतीच्या अकरा अंकांत लिहितात, आणि आठाचा अकरावा घात ८ जीबी होतो. २००१ च्या पॉझिक्स मानकातल्या पॅक्स मांडणीनं ती अट उठवली.

लिनक्सचं आगमन या कथेत उशिराचं. ३२-बिट पीसीवर लिनक्सला मोठ्या फाइला पूर्णपणे आल्या त्या जानेवारी २००१ च्या २.४ कर्नलमध्ये, आणि त्याला साथ देणारी सी लायब्ररी, ग्लिबसी २.२, आदल्या वर्षाअखेर आली होती. पण तोवर स्वस्त पीसीवर लिनक्स आणि अपाचे हा वेब सर्व्हर घेऊन वेबसाइटींची फौज उभी राहिली होती, आणि तिथे ही हद्द वेगळ्याच दारानं आत आली. गर्दीच्या साइटवरची ॲक्सेस लॉगची फाइल महिनोन् महिने कुणी बदललेली नसे. ती वाढत वाढत २ जीबीला पोचली, की पुढची नोंद लिहायला गेलेल्या प्रत्येक अपाचे प्रोसेसला कर्नल सिग्नल देऊन संपवी. एरर लॉगमध्ये ओळींवर ओळी: ‘फाइल साइझ लिमिट एक्सीडेड (२५)’. साइट बंद. डिस्क रिकामी, मेमरी मोकळी, नेटवर्क ठीक, आणि कारण एक टेक्स्ट फाइल. लॉग बाजूला सरकवून अपाचे पुन्हा सुरू केलं, की सगळं पूर्ववत. अपाचे २.२ मध्ये, डिसेंबर २००५ ला, ३२-बिट युनिक्सवरची ही अडचण मिटली. डीव्हीडीच्या प्रतिमा उतरवून घेताना अडखळणारं ‘डब्ल्यूगेट’ही त्याच वर्षी १.१० आवृत्तीत सुधारलं. मसुदा पक्का झाल्याला तोवर नऊ वर्षं होऊन गेली होती.

मग ६४-बिट प्रोसेसर घरोघरी आले आणि हा प्रश्न बहुतेकांच्या नजरेआड झाला. काही खुणा अजून राहिल्या आहेत. आजच्या ६४-बिट लिनक्सवरही एका ‘राइट’ कॉलमध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,७९,५५२ बाइट जातात. तीन जीबी एकदम लिहायला सांगितले तर कर्नल तेवढे लिहून ‘एवढे लिहिले’ असं खरं उत्तर देतं, आणि उरलेल्यांसाठी पुन्हा सांगणं हे प्रोग्रामचं काम असतं. जो प्रोग्राम ते उत्तर वाचत नाही, त्याची कॉपी आजही अपुरी राहते.

याहून मोठी खूण आहे ती वेळेची. युनिक्सच्या जुन्या रीतीत काळही चिन्हासकट ३२ बिटांतच मोजतात, १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद म्हणून. ती मोजणी २,१४,७४,८३,६४७ व्या सेकंदाला संपते: १९ जानेवारी २०३८, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. ही अडचण सोडवायला २०२१ मध्ये ग्लिबसी २.३४ नं जो मार्ग दिला, तो १९९६ च्या मसुद्याचाच आहे: कंपाइल करताना ‘टाइम बिट्स बरोबर ६४’ सांगा, तोच सोर्स नव्या रुंदीनं बांधला जाईल, जुने बांधलेले प्रोग्राम जसेच्या तसे चालत राहतील. शिवाय तिथे अट आहे की आधी फाइलसाठीचे ६४ बिट चालू केलेले असले पाहिजेत, त्याशिवाय वेळेचे मिळत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन लिनक्स १३ नं आपल्या ३२-बिट आवृत्त्या याच वाटेनं पुढे नेल्या. फक्त जुन्या इंटेल पीसीची, आय३८६ ची, आवृत्ती मुद्दाम मागे ठेवली, कारण ती आता मुख्यतः ज्यांचा सोर्स कोड कुणाकडे उरलेला नाही असे जुने प्रोग्राम चालवण्यासाठीच राखलेली आहे.